पाणी गप्प केल्यावर

कुओपिओ. फेब्रुवारीतले सकाळचे साडेआठ,
उजाडायचं अजून कुणी मनावर घेतलेलं नाही.
तैस्तो कार्हुनेन ट्रेमध्ये एकेक वस्तू ठेवतो:
किल्ल्या, गळाचे तीन आकडे, एक नाणं,
कमरेचा इन्सुलिन पंप, कानातलं यंत्र.
अंगठी निघत नाही.
"सोन्याची ना? असू दे," इर्मेली म्हणते,
"सोन्याचं नि लोहचुंबकाचं काही देणंघेणं नसतं."

नऊ वर्षांचा होता तेव्हा
आई स्टोव्हवर काचेची सिरिंज उकळायची,
परीक्षानळीत लघवी, वर एक गोळी, आणि वाट बघणं.
निळा रंग आला तर शाबासकी.
नारिंगी आला तर
आईचं गप्प होणं.
सेहेचाळीस वर्षं झाली त्याला.
रक्तानं इतका हिशेब क्वचितच कुणाकडून मागितला असेल.

आता तो बोगद्यात आडवा.
एवढं अवाढव्य यंत्र, आणि बघायचा आहे
डोक्याच्या मागच्या भागातला एक तुकडा,
साखरेच्या चौकोनी वडीएवढा.
तशा दोन वड्या त्याच्या कोटात कायम असतात,
रुमालात गुंडाळलेल्या, कडा झिजलेल्या.

मेंदूत सगळ्यात मोठ्यानं बोलतं ते पाणी.
ते बोलत असलं की
बाकी कुणाचा शब्द ऐकू येत नाही.
म्हणून आधी पाण्याला गप्प करतात,
मग हळूहळू
पडद्यावर उठतात बारीक सुळके:
हे ग्लुटामेट, हे कोलीन,
हे मायो-इनोसिटॉल, जरा जास्तच वर,
आणि इथे, जवळजवळ शेजाऱ्याच्या सावलीत,
साखर.

ठकठक. ठकठक. "हलू नका."
यंत्राविना त्याच्या कानाला तिचा आवाज
तळ्याच्या पलीकडल्या काठावरून आल्यासारखा.

हातातल्या नळीतून साखर उतरवत नेतात,
पाच, चार, साडेतीन.
"काही जाणवतंय?"
"नाही."
"घाम? थरथर?"
"नाही."
दोन पूर्णांक आठ.
"भूक?"
"दुपारी मासे आहेत," तो म्हणतो,
आणि कुठले, ते आठवत नाही.

काल्लावेसीवर बर्फ पातळ होतो
तेव्हा आधी आवाज होतो.
लहान पोरालाही कळतं, मागे फिरायचं.
तैस्तोच्या आतल्या बर्फाला
आता आवाज उरलेला नाही.
तो चालत राहतो.
ऐकते ती हेल्वी. पहाटे चारला,
श्वासाची लय चुकली की उठते,
चमच्यानं रस पाजते, ओठ बंद असले तरी.
त्यांच्या भाषेत पहाटेच्या झोपेला
साखरझोप म्हणत नाहीत.
तेच बरं.

नंतर, बिस्किट खाता खाता (बावीस ग्रॅम, तो मोजतो),
पडद्यासमोर उभा राहतो.
"मागच्या हिवाळ्यात भोकातून मासा वर काढला,
चांदीसारखा, बोटाएवढा,
जन्मभर ताटात असलेला.
आणि नाव येईना.
यातलं कुठलं ते?"

इर्मेली बोट उचलते, पुन्हा खाली ठेवते.
साखरेनं नेलं, की वयानं,
की नुसतीच हातमोज्यात शिरलेली थंडी?
"इथे नावं दिसत नाहीत," ती म्हणते.
"चूल दिसते. काय शिजतंय ते नाही."
आणि एकट्याचा निकाल देत नाही आम्ही.
साठ माणसं झाली की सरासरी.
तुम्ही सतरावे.
तो मान डोलावतो. साठांत सतरावा,
वाईट जागा नाही.

तो गेल्यावर तिला ट्रे दिसतो.
नाणं नेलं, किल्ल्या नेल्या,
आकडे राहिले.
ती ते पाकिटात घालते, टोकं आत वळवून,
आणि वर सवयीनं लिहिते:
सतरा.
बघत राहते.
मग फोन उचलते,
आणि खिडकीखाली, बर्फ खरवडलेल्या गाडीत,
हेल्वी इंजिन बंद करते,
ऐकायला.